टोलेडोसाठी एक शनिवार

थोड्या वेळात एखादे जुने शहर पाहायचे, म्हणजे त्यातले पुष्कळसे न पाहण्याचे आधीच ठरवून टाकायचे. ही गोष्ट मला रायपूरने शिकवली. पुण्या-मुंबईकडचे पाहुणे आमच्याकडे येतात ते बहुधा लग्नकार्याला. कार्य आटोपते, परतीच्या गाडीला एक दिवस उरलेला असतो, आणि त्या मोकळ्या दिवसाचे काय करावे, हे ते आम्हालाच विचारतात. अशा वेळी माझ्याजवळ दोन नावे तयार असतात. पहिले सिरपूर. महानदीच्या काठी सातव्या शतकातले विटांचे लक्ष्मणमंदिर तेथे उभे आहे. राणी वासटेने आपल्या दिवंगत पतीच्या स्मरणार्थ ते बांधवले. दुसरे रतनपूर.

मराठी पाहुण्याला मी रतनपूर सुचवते. वाट लांबची आहे; बिलासपूर ओलांडून आणखी पंचवीस किलोमीटर जावे लागते आणि जाण्यायेण्यातच सहा तास मोडतात. अकराव्या शतकात कलचुरी राजा रत्नदेवाने हे नगर वसवले आणि पुढे शतकानुशतके ते त्या घराण्याची राजधानी राहिले. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचा सेनापती भास्करपंत फौज घेऊन येथे येऊन थडकला. त्यानंतर काही वर्षांनी बिंबाजी भोसले येथे आला आणि १७८७ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याने येथूनच छत्तीसगडचा कारभार चालवला. गावाजवळच्या टेकडीवर त्याने रामाचे देऊळ बांधले. त्या टेकडीला रामटेकरी म्हणतात, आणि ते नाव ऐकताच नागपूरच्या माणसाला आपले रामटेक आठवते. १८१८ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या देखरेखीखाली आला आणि त्यांनी मुख्यालय रतनपूरहून रायपूरला हलवले. कचेऱ्या गेल्या, कारकून गेले, त्यांच्यामागे सावकारही गेले. महामायेचे देऊळ, तलाव आणि पडका किल्ला मागे राहिला. पाहुण्यांना मी सांगते, देवळांची यादी करू नका. रामटेकरीच्या पायऱ्यांवर घटकाभर बसा आणि खालचे गाव पाहा. राजधानी निघून गेल्यावर गाव कसे दिसते, एवढे एक पाहिले तरी दिवस कारणी लागतो.

आता पाहुणे होण्याची पाळी आमच्यावर आली आहे. आमची मुलगी अकरा वर्षे माद्रिदला असते. नातू तिथलाच, जन्म तिथला, शाळा तिथली. येत्या एप्रिलमध्ये तीन आठवड्यांसाठी आम्ही दोघे तिकडे जाणार आहोत. बोटांचे ठसे देण्यासाठी मुंबईची एक फेरी झाली, विम्याचे कागद झाले, शेंगेन व्हिसाचा शिक्का पारपत्रावर बसला. तीन आठवड्यांचा बहुतेक हिशेब मुलीनेच करून ठेवला होता. एक शनिवार मात्र तिने कोरा ठेवला. दूरध्वनीवर ती म्हणाली, “आई, हा शनिवार तुम्हां तिघांचा. कुठं जायचं ते तू आणि बाबा ठरवा. आम्ही दोघं येणार नाही.”

“का गं? सुट्टी तर असेल तुम्हांला.”

“सुट्टी आहे. पण मी असले की तो माझ्याकडेच बघतो.”

त्या वाक्याचा अर्थ मला लगेच कळला, कारण गेली चार वर्षे दर रविवारी मी ते दृश्य पडद्यावर पाहत आले आहे. मी विचारते, “आज काय जेवलास रे?” नातवाला प्रश्न समजतो, त्याच्या डोळ्यांत ते दिसते. मग तो आईकडे मान वळवतो आणि स्पॅनिशमध्ये काहीतरी सांगतो. मुलगी ते मराठीत मला सांगते. प्रश्न मराठीत जातो, उत्तर स्पॅनिशमध्ये येते आणि मुलगी दोन्ही हातांनी ओझे वाहणाऱ्या हमालासारखी मध्ये उभी असते. “त्याला समजतं सगळं, पण बोलत नाही,” असे ती दर वेळी म्हणते. पूर्वी त्यात कौतुक असे, अलीकडे काळजी असते. मुलगा नऊ वर्षांचा झाला. या वयात जी भाषा तोंडात बसली नाही, ती पुढे कानातूनही उतरू लागते. एकतीस वर्षे मी रायपूरच्या शाळेत हिंदी शिकवली. घरी मराठी, वर्गात हिंदी, भाजीबाजारात छत्तीसगढी बोलणारी मुले पिढ्यान्‌पिढ्या माझ्या हाताखालून गेली. त्यांतल्या मराठी घरांतल्या कितीतरी मुलांची मराठी माझ्या डोळ्यांदेखत कानापुरती उरली, आणि त्यांच्या मुलांच्या कानांतूनही ती गेली. तेव्हा हा शनिवार मुलीने आमच्या हौसेसाठी ठेवलेला नाही, हे मी ओळखले.

जायचे कुठे, यावर आमच्या जेवणाच्या टेबलावर महिनाभर खल चालला. ग्रानादाचे नाव सर्वांत आधी निघाले. अल्‌हाम्ब्राची चित्रे मी विद्यार्थिदशेत पाहिली होती. परंतु ते माद्रिदपासून लांब. शिवाय तेथील नासरी राजवाड्यांत शिरण्यासाठी वेळ नेमून दिलेले तिकीट आधी काढावे लागते, आणि नऊ वर्षांच्या मुलाला आणि सत्तरीच्या आजोबांना एकाच मिनिटाला एकाच दारापाशी हजर ठेवणे हे मला जमण्यासारखे वाटले नाही. कोर्दोबाची मशीद, तिच्या पोटात बांधलेले कॅथीड्रल, तांबड्या-पांढऱ्या कमानींचे ते वन, याचा मोह मोठा होता. द्रुतगती गाडीने तेथे पावणेदोन-दोन तासांत पोचता येते. तरी जाण्यायेण्यातले चार तास मला नको होते. टोलेडो माद्रिदपासून सत्तर किलोमीटरवर आहे. आतोचा स्थानकातून निघालेली गाडी अर्ध्या-पाऊण तासात तेथे उतरवते.

अंतराच्या हिशेबाने टोलेडो ठरले, पण ते ठरताच मला रतनपूर आठवले. १५६१ पर्यंत टोलेडो हे राजाच्या दरबाराचे प्रमुख स्थान होते. त्या वर्षी दुसऱ्या फिलिपने आपला दरबार माद्रिदला हलवला. माद्रिद तेव्हा लहानसे गाव होते. ते वाढत गेले, आणि टोलेडो नदीच्या वळणात, आपल्या टेकडीवर, जसे होते तसे राहून गेले. राजधानी जाते तेव्हा पैसा जातो. पण पैसा गेल्यामुळे जुनी घरे पाडून नवी बांधण्याची कुणाला घाईही राहत नाही. आज लोक टोलेडो पाहायला जातात ते याच कारणाने. १९८६ मध्ये युनेस्कोने ते जागतिक वारशाच्या यादीत घातले. आमचे रायपूर १८१८ पासून वाढत आहे, १ नोव्हेंबर २००० पासून तर राज्याची राजधानी म्हणून वाढत आहे, आणि त्याच्या जुन्या मोहल्ल्यांची काय अवस्था आहे ते आम्ही पाहतोच.

स्थळ ठरल्यावर ह्यांनी आलेखाचा कागद काढला. हे पाटबंधारे खात्यात अभियंता होते. चढउतार पाहिल्यावाचून ह्यांना कुठलीही जागा दिसत नाही. ताहो नदी टोलेडोला तीन बाजूंनी वेढून जाते, मधला खडक चढणीचा, आणि रेल्वेचे स्थानक नदीच्या पलीकडे. ह्यांच्या उजव्या गुडघ्याने दोन वर्षांपूर्वीच सेवानिवृत्ती घेतली आहे. चढण कुठून कमी पडेल याचा शोध घेता घेता ह्यांना समजले, की शहराच्या उत्तर अंगाला डोंगराच्या पोटात सरकते जिने बसवलेले आहेत आणि ते प्रवाशाला विनासायास वर नेऊन सोडतात. ह्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे जुना कोटही राहिला आणि गुडघाही,” हे म्हणाले. त्या क्षणी टोलेडोविषयी ह्यांचे मत कायमचे चांगले झाले.

माझे मत मात्र दुसऱ्या एका गोष्टीमुळे बनत होते. टोलेडोविषयी वाचताना माझ्या हाती साईद अल्‌-अंदलुसी हे नाव लागले. हा टोलेडोचा काझी. १०६८ साली त्याने जगातल्या राष्ट्रांविषयी एक ग्रंथ लिहिला. ज्ञानाची उपासना केलेली आठ राष्ट्रे त्याने मोजली आणि त्यांत पहिले स्थान भारताला दिले. भारतीयांचे गणित, ज्योतिष, बुद्धिबळाचा खेळ आणि ‘कलीला व दिम्ना’ या कथाग्रंथाचा त्याने आदराने उल्लेख केला. तो स्वतः कधी भारतात आला नव्हता. त्याने जे जाणले ते अरबी भाषांतरांतून. इकडे रत्नदेव रतनपूर वसवत होता साधारण त्याच शतकाच्या मध्यास. दोन्ही नगरांना एकमेकांचा पत्ता नव्हता. तरी एका टेकडीवर बसलेला एक माणूस दुसऱ्या टेकडीच्या देशाविषयी लिहीत होता, याचे मला विलक्षण वाटले.

साईदच्या मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १०८५ मध्ये, कास्तीलचा राजा सहावा आल्फोन्सो याने टोलेडो जिंकले. राज्य ख्रिस्ती झाले, पण शहरात अरबी जाणणारे लोक राहिले आणि अरबी पुस्तके राहिली. बाराव्या शतकात युरोपातून विद्वान तेथे येऊ लागले. इटलीतील क्रेमोना गावचा जेरार्ड टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’च्या शोधात आला आणि ११८७ मध्ये मरेपर्यंत तेथेच राहिला. सत्तरांहून अधिक ग्रंथ त्याने लॅटिनमध्ये आणले असे त्याच्या शिष्यांनी नोंदवून ठेवले आहे. अल्‌-ख्वारिज्मीचे बीजगणित त्यांतलेच. या मंडळींना पुढे ‘टोलेडोची भाषांतरशाळा’ असे नाव पडले. साहजिकच मी ह्यांना म्हटले, “मला ती शाळा पाहायची आहे.”

पुढे वाचले तेव्हा कळले, की पाहण्यासारखी शाळा तेथे नाही. इमारत नव्हती, फळा नव्हता, नियमावली नव्हती. एकमेकांजवळ बसून काम करणारी माणसे होती. त्यांतली काही कॅथीड्रलच्या सेवेत होती. आजचे कॅथीड्रल १२२६ मध्ये बांधायला घेतले गेले, म्हणजे तेही त्यांच्या नंतरचे. १९९४ मध्ये तेथील विद्यापीठाने याच नावाची एक संस्था सुरू केली आहे, पण ती नवी. ज्या गोष्टीसाठी मला त्या शहरात जावेसे वाटत होते, तिला दार नाही, तिकीट नाही, नकाशावर टिंबही नाही.

तरी ती माणसे काम कशी करीत, याची एक दोन वर्णने टिकून आहेत आणि ती वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसले. इब्न सिनाचा आत्म्याविषयीचा ग्रंथ अवेंदाउथ नावाच्या ज्यू विद्वानाने आणि दोमिनिकुस गुंदिसाल्वी नावाच्या ख्रिस्ती आर्चडीकनने मिळून उतरवला. अवेंदाउथ अरबी वाचायचा आणि एकेक शब्द लोकांच्या बोलीत, म्हणजे त्या वेळच्या कास्तीली बोलीत, मोठ्याने सांगायचा. दोमिनिकुस तो ऐकायचा आणि लॅटिनमध्ये लिहायचा. जेरार्डही गालिब नावाच्या एका स्थानिक माणसाच्या मदतीने असेच काम करी, असे एका इंग्रज प्रवाशाने लिहून ठेवले आहे. एका काठावर अरबी, दुसऱ्या काठावर लॅटिन. दोन्ही भाषा विद्वत्तेच्या, प्रतिष्ठेच्या, कागदावरच्या. मधला पूल मात्र स्वयंपाकघरातल्या बोलीचा. ती बोली कागदावर उमटली नाही. ग्रंथावर तिचे नाव नाही. तिच्यावरून चालत ज्ञान पलीकडे गेले.

हे वाचले तेव्हा मला आमच्या मुलीचा पडद्यावरचा चेहरा दिसला. त्यापाठोपाठ आमचे रायपूरचे घर दिसले. आमच्या घरातली मराठी पुण्याच्या पाहुण्यांना हसू आणणारी आहे. ‘सगळं बने आहे’ असे आमच्याकडे सर्रास म्हटले जाते. ‘बने’ हा छत्तीसगढी शब्द ‘छान’च्या जागी कधी येऊन बसला ते कुणालाच सांगता येणार नाही. भोसल्यांच्या काळापासून या भागात मराठी माणसे आली. रायपूरचा तात्यापारा अजून त्यांच्या वस्तीसाठी ओळखला जातो. आलेल्यांनी येथली भाषा घेतली आणि काहींनी तिला काही दिलेही. माधवराव सप्र्यांची मातृभाषा मराठी. त्यांनी जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले, समर्थांचा ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले, आणि १९२६ मध्ये रायपुरातच देह ठेवला. हिंदीच्या वर्गात त्यांचा धडा शिकवताना मी मुलांना हे सांगत असे. त्यांचे लेखन हिंदीचे म्हणून मोजले जाते, ते योग्यच आहे. पण ‘दासबोधा’ची ओवी आधी ज्या घरगुती मराठीने त्यांच्या कानात ठेवली असेल, तिचा हिशेब कुठल्या वाङ्मयेतिहासात मांडायचा?

टोलेडोच्या बोलीला मात्र पुढे न्याय मिळाला. तेराव्या शतकात दहावा आल्फोन्सो गादीवर आला. त्याचा जन्म टोलेडोचाच. त्याच्या पदरच्या विद्वानांनी अरबीतून कास्तीलीत ग्रंथ आणले. जी भाषा शतकभर नुसती मध्यस्थी करीत होती, तीच आता मुक्कामाची भाषा झाली. तो राजपुत्र असतानाच, १२५१ मध्ये, त्याच्या आज्ञेने ‘कालिला ए दिम्ना’ हा ग्रंथ कास्तीलीत उतरला होता. साईद काझीने ज्याचे नाव घेतले तोच हा ग्रंथ. आणि त्याचे मूळ म्हणजे आपले पंचतंत्र. संस्कृतातून पहलवीत, पहलवीतून अरबीत, अरबीतून कास्तीलीत. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे चालत चालत कालिला आणि दिम्ना होऊन स्पेनला पोचले.

हे समजल्यावर मी आखणीत पहिली नोंद केली. त्या शनिवारी गाडीत बसल्यावर मी नातवाला पिंगलक सिंहाची आणि संजीवक बैलाची गोष्ट मराठीत सांगणार आहे. अर्ध्या तासात ती नीट बसते. तो स्पॅनिशमध्ये काही विचारील, विचारू दे. या गोष्टीला तो प्रवास सवयीचा आहे.

दुसरी नोंद ह्यांची: कॅथीड्रल. १२२६ मध्ये सुरू झालेले काम १४९३ मध्ये संपले, हे वाचून ह्यांना फार समाधान वाटले. “दोनशे सदुसष्ट वर्षं! आमच्या खात्यालासुद्धा कुठल्या धरणाला इतकी लागली नाहीत.” कॅथीड्रलला ह्यांनी दीड तास मागितला. मी पाऊण तास दिला. आल्काझार किल्ला, संग्रहालये, कारागिरांच्या गल्ल्या यांवर आम्ही दोघांनी मिळून काट मारली. पाहुण्यांना रतनपूरची यादी आखडती घ्यायला सांगणे सोपे असते. स्वतःच्या यादीवर काट मारताना हात जड होतो. पण तीन जिने आणि दोन गुडघे यांच्यापुढे शतकांचे काय चालणार?

तिसरी नोंद एल ट्रान्सितो या जुन्या सिनॅगॉगची. राजाच्या खजिनदाराने, सॅम्युएल हा-लेवी याने, चौदाव्या शतकाच्या मध्यास ते बांधले. त्याच्या भिंतींवरच्या गिलाव्यात हिब्रू अक्षरे कोरली आहेत आणि त्यांच्या शेजारी अरबीही. १४९२ मध्ये स्पेनच्या ज्यूंना धर्म सोडा किंवा देश सोडा असे सांगण्यात आले. अनेकांनी देश सोडला. त्यांतले पुष्कळजण तुर्की साम्राज्यात, सालोनिका आणि इस्तंबूलसारख्या शहरांत जाऊन राहिले, आणि ज्या देशाने हाकलले त्याचीच भाषा त्यांच्या घरांत चारशे वर्षांहून अधिक काळ बोलली जात राहिली. तिला शाळा नव्हती, राज्य नव्हते. ती कुणी टिकवली असेल, हे मला पुस्तकात शोधावे लागले नाही. तरी त्यावरून स्वतःला धीर देण्याचा मोह मी आवरते. ती भाषा बोलणारा सबंध समाज एका मोहल्ल्यात राहत होता. माद्रिदच्या त्या चौथ्या मजल्यावर मराठी बोलणारी माणसे दोनच आहेत, आणि ती दोघेही संध्याकाळी सात वाजता थकून घरी येतात.

चौथी नोंद सान्तो तोमे या देवळातल्या एका चित्राची, आणि सारा दिवस मी या नोंदीभोवती आखला आहे. एल ग्रेको म्हणजे ‘ग्रीक माणूस’. लोकांनी त्याला त्याच्या परकेपणाचेच नाव ठेवले. तो क्रीट बेटावरचा. व्हेनिस आणि रोम करून १५७७ मध्ये टोलेडोला आला आणि १६१४ मध्ये तेथेच वारला. सदतीस वर्षे त्या शहरात काढूनही तो चित्रांवर सही ग्रीक लिपीत करीत राहिला. ‘ओर्गासच्या काउंटचे दफन’ हे त्याचे चित्र १५८६ ते १५८८ या काळातले, जवळजवळ पाच मीटर उंचीचे. वर स्वर्ग, खाली काळ्या पोषाखातल्या सरदारांची रांग, मध्ये काउंटचा देह उचलून धरणारे दोन संत. आणि अगदी पुढे, डावीकडे, हातात मशाल घेतलेला एक मुलगा. तो आपल्याकडे पाहतो आणि बोटाने आत काय चालले आहे ते दाखवतो. हा चित्रकाराचा मुलगा, होर्हे मान्युएल, असे मानले जाते. त्याच्या खिशातून एक रुमाल डोकावतो. त्या रुमालावर चित्रकाराची ग्रीक सही आहे आणि १५७८ हे साल आहे. ते चित्राचे साल नव्हे, मुलाच्या जन्माचे.

होर्हे मान्युएल टोलेडोत जन्मला. त्याचे नाव स्पॅनिश, त्याची आई स्पॅनिश. बापाची लिपी त्याला वाचता येत होती की नाही, कोण जाणे. परंतु बापाने ती त्याच्या खिशात घालून ठेवली. मुलाने तिच्याकडे पाहिलेच पाहिजे असा आग्रह चित्रात कुठे नाही. मुलगा तर दुसरीकडेच पाहतो आहे आणि परक्या लोकांना बोट दाखवून आपले शहर समजावून सांगतो आहे. ते चित्र रंगवले जात असताना मुलगा आठ ते दहा वर्षांचा होता. आमचा नातू नऊचा आहे.

मला त्या चित्रासमोर नातवाला घेऊन उभे राहायचे आहे. काही शिकवण्यासाठी नव्हे. शिकवणे मी एकतीस वर्षे केले आणि त्याने काय साधते, काय साधत नाही, हे मला ठाऊक आहे. मी त्याला एवढेच विचारणार आहे, की रुमालावर काय लिहिले आहे ते मला सांग. त्यालाही ते वाचता येणार नाही आणि मलाही नाही. मग त्याला कुणाला तरी विचारावे लागेल. तो स्पॅनिशमध्ये विचारील आणि उत्तर घेऊन माझ्याकडे येईल. त्या वेळी त्याची आई जवळ नसेल. ते उत्तर तो माझ्यापर्यंत कसे पोचवतो, हे मला पाहायचे आहे. शब्दांनी पोचवील, हातवाऱ्यांनी पोचवील, अर्धे मराठी अर्धे स्पॅनिश असे काही करील. अवेंदाउथचा पहिला दिवस यापेक्षा फार निराळा असेल असे मला वाटत नाही. आणि तो खांदे उडवून गप्प राहिला, तर तसेही होऊ शकते. ती शक्यता मी आखणीतून वगळलेली नाही. म्हणून चित्रानंतरचा एक तास मी मोकळा ठेवला आहे.

ह्यांनी दिवसाचा अंतिम तक्ता आता शाईने काढला आहे. सकाळी आतोचाहून गाडी. स्थानकावरून बसने कोटाच्या उत्तर दरवाजापाशी, तेथून सरकत्या जिन्याने वर. कॅथीड्रल, पाऊण तास. तिकडे जेवणाची वेळ दुपारी दोननंतरची, आणि ह्यांना बाराच्या ठोक्याला भूक लागते. तेव्हा कॅथीड्रलनंतर सावलीत बसून दशम्या आणि लसणाची चटणी. नंतर सान्तो तोमे. नंतर तो कोरा तास. नंतर एल ट्रान्सितो आणि तिथून नदीचे वळण पाहत परत. परतीच्या गाडीचे तिकीट मुलगी काढून ठेवणार आहे.

तक्त्याचे छायाचित्र आम्ही माद्रिदला पाठवले. खाली ह्यांनी मराठीत लिहिले, “आणखी काय पाहायचे?” हा प्रश्न नातवासाठी होता; मुलीने तो त्याला वाचून दाखवला असावा. टोलेडोच्या पोलादी तलवारी एके काळी साऱ्या युरोपात नावाजलेल्या होत्या, आणि त्यांची दुकाने अजून तेथे आहेत, हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आले नव्हते. नातवाच्या ते पुरते ध्यानात होते. दुसऱ्या दिवशी तक्ता परत आला, तेव्हा त्या कोऱ्या तासाच्या चौकोनात पेन्सिलीने, वेड्यावाकड्या रोमन अक्षरांत एकच शब्द लिहिलेला होता. स्पॅनिशमध्ये तलवारीला निराळा शब्द आहे आणि तो त्याला चांगला ठाऊक असणार. मी मुलीला विचारले, हे तू सांगितलेस का? ती म्हणाली, “नाही गं. मी तर ऑफिसात होते. काय लिहिलंय?”

अक्षरे स्पॅनिश शाळेतली होती. शब्द ‘तलवार’ होता. ह्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला, आणि तक्त्यात तलवारींना चाळीस मिनिटे दिली.